एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत का?

शहरातल्या मध्यमवर्गीय घरात कुत्रे येते ते बहुधा मुलांच्या हट्टाने, आणि राहते ते आईच्या जिवावर. पहिले काही महिने मोठ्या मौजेचे जातात. नावावरून वाद होतात, बाबांची एक चप्पल कायमची जोडीदाराविना राहते, आणि "त्याला घरात घ्यायचे नाही" म्हणून बजावणाऱ्या आजी पोळीचा पहिला तुकडा कुणासाठी मोडतात हे सर्वांना ठाऊक असूनही कुणी बोलून दाखवीत नाही. असे आठ-दहा महिने लोटतात आणि एके सकाळी फरशीवर लाल ठिपके दिसतात. फाटकाबाहेर गल्लीतले चार-पाच नर धरणे धरल्यासारखे बसलेले असतात. मुले विचारतात, "आई, राणीला काय झालंय?" आई बाबांकडे पाहते आणि बाबा वर्तमानपत्राकडे.

त्या दिवसापासून सल्ल्यांची रीघ लागते. वरच्या मजल्यावरच्या काकू सांगतात, "एकदा तरी पिल्ले होऊ द्या हो तिला. प्रकृतीला चांगले असते." ऑफिसातले स्नेही म्हणतात, "सरळ ऑपरेशन करून टाका. कटकट मिटली." तिसरे कुणी तत्त्वज्ञानाचा सूर लावतात, "निसर्गाच्या आड आपण कशाला यायचे?" तिघांचेही ऐकून घेतले जाते, आणि मग "पुढच्या खेपेला पाहू" असे म्हणून विषय मिटवला जातो. पुढची खेप येते, तीही जाते.

ह्या लेखात सांगावयाचे आहे ते ह्या "पुढच्या खेपेला पाहू"विषयीच. पिल्ले होऊ देण्याच्या बाजूने बोलण्यासारखे काही आहे. शस्त्रक्रियेच्या बाजूने पुष्कळ आहे. पण काहीच न ठरवण्याच्या बाजूने बोलण्यासारखे जवळजवळ काही नाही. आणि पुष्कळ घरे नकळत जी वाट धरतात ती नेमकी हीच.

शरीराचे वेळापत्रक

कुत्री पहिल्यांदा माजावर येते ती साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान. लहान चणीच्या जातींत लवकर, मोठ्या जातींत उशिरा, कधी कधी तर दीड-दोन वर्षांनी. त्यानंतर सरासरी दर सहा-सात महिन्यांनी ही पाळी येत राहते. एका माजाचा काळ सुमारे तीन आठवड्यांचा. पहिले आठ-नऊ दिवस रक्तस्राव होतो, नर घिरट्या घालू लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव फिका होतो. "झाले वाटते एकदाचे" म्हणून घरची मंडळी साखळी सैल करतात, आणि नेमकी तीच वेळ नराला जवळ करण्याची असते. न ठरवता झालेली कितीतरी पिल्ले ह्या एका गैरसमजाची असतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बायकांप्रमाणे कुत्रीची पाळी उतारवयात थांबत नाही. दोन माजांमधले अंतर वाढते, बाहेरून खुणा पुसट होतात, पण दहा वर्षांची म्हातारी कुत्रीही माजावर येऊ शकते. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

नराचे वेळापत्रक त्या मानाने सोपे. तो एकदा वयात आला की बारा महिने तयार. दूरवरच्या कुत्रीचा वास त्याला लागला, की एरवी बिस्किटाच्या डब्याच्या आवाजाने धावत येणारा आपला मोती हाकेला ओ देईनासा होतो, भिंतीवरून उडी मारतो, वाहनांच्या गर्दीत घुसतो आणि दोन दिवसांनी कान फाटून परत येतो. काही परत येतच नाहीत.

"प्रकृतीला चांगले असते"

आता काकूंच्या म्हणण्याकडे वळू. एक वेत झाल्याने कुत्रीची प्रकृती सुधारते ह्याला पशुवैद्यकात काहीही आधार नाही. वेत झाले नाही म्हणून तिला रोग जडतो असे नाही, आणि झाले म्हणून पुढचे रोग टळतात असेही नाही. पिल्ले झाल्यावर कुत्री शांत होते म्हणतात, त्यात बराच वाटा नुसत्या वाढलेल्या वयाचा असतो. दोन वर्षांची कुत्री एक वर्षाच्या कुत्रीपेक्षा शहाणी असायचीच.

दुसरा मुद्दा अधिक हळवा आहे. माज होऊन गेल्यावर सहा-आठ आठवड्यांनी एखादी कुत्री विचित्र वागू लागते. पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन अंथरूण उकरते. मुलांचे एखादे रबरी खेळणे, नाही तर बाबांचा मोजा तोंडात धरून तिथे नेते, चाटते, कुणी जवळ गेले तर गुरगुरते. कधी तिच्या आचळांना दूधही येते. घरातल्या बायकांच्या पोटात कालवते. "बघा, तिला आई व्हायचंय!" असे उद्गार निघतात.

हे दृश्य खरेच मनाला भिडणारे आहे, पण त्याचा अर्थ मात्र तो नव्हे. गर्भ राहो वा न राहो, माजानंतर कुत्रीच्या शरीरात जवळजवळ दोन महिने गरोदरपणाचीच रसायने वाहत असतात. त्यांतले एक उतरते, दूध आणणारे दुसरे चढते, आणि शरीर आपोआप आईचा पाठ गिरवू लागते. ह्याला खोटी गरोदरता म्हणतात. ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. आचळांशी खेळू नये, दूध काढू नये, फिरायला जास्त न्यावे, आणि आचळ तापले किंवा ताठरले तर डॉक्टरांना दाखवावे. न झालेल्या पिल्लांचे दुःख कुत्री वर्षानुवर्षे उराशी बाळगते, ही आपल्या मनातली कथा आहे. तिच्या मनातली नाही.

तिसरा मोह असतो, "हिच्यासारखीच अजून एक हवी." ज्यांची कुत्री आता सहा-सात वर्षांची झाली आहे त्या घरांत हा मोह फार. पण पिल्लाला निम्मा वारसा आईकडून मिळतो आणि निम्मा बापाकडून. आपल्या मुलांकडे पाहिले तरी ह्या हिशेबात किती आश्चर्ये दडलेली असतात ते कळावे. शिवाय राणी जशी आहे तशी होण्यात तुमच्या घराचाही मोठा हात आहे. तो हात दुसऱ्या पिल्लावरूनही तसाच फिरू शकतो, मग ते कुणाच्या का पोटचे असेना.

पिल्ले होऊ द्यायचीच असतील तर

तरीही काही घरे विचारपूर्वक पिल्ले होऊ देण्याचे ठरवतात, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र आपल्याकडे मुलीचे स्थळ पाहताना जेवढी चौकशी होते तिच्या निम्मी तरी इथे व्हावी. पुष्कळदा होते काय, तर "त्यांचा लॅब्रॅडॉर आहे, आमची लॅब्रॅडॉर आहे" एवढ्यावर लग्न ठरते. रंग जुळला, पत्रिका जुळली, मुहूर्त काढला!

खरी पत्रिका वेगळीच असते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष आईबापांकडून पिल्लांत उतरतो. म्हणून दोघांच्याही खुब्यांचा एक्स-रे आधी काढावा. ब्रुसेला नावाचा जंतू जोड लागताना एकाकडून दुसऱ्याकडे जातो, गर्भपात घडवतो आणि क्वचित माणसालाही बाधतो. त्याची रक्तपरीक्षा दोघांची व्हावी. भित्रा किंवा चावरा स्वभावही वारशाने उतरतो, हे विसरू नये. बुलडॉग, पग अशा बसक्या नाकाच्या जातींत पिल्लाचे डोके मोठे आणि आईची वाट अरुंद, त्यामुळे पोट फाडून पिल्ले काढण्याची पाळी वारंवार येते. नॉर्वेमध्ये तर २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ह्या जातीची पैदास प्राणी कल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. त्या जातीच्या हृदयात आणि कवटीत रोग इतके मुरले आहेत, की निरोगी जोडी निवडणेच दुरापास्त झाले आहे.

कायदाही पाहावा. आपल्याकडे २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री ह्यांविषयी केंद्र सरकारचे नियम आले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी आणि ८ वर्षांनंतर तिला विऊ देऊ नये, वर्षातून एकाहून अधिक वेत घेऊ नये, आणि ८ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे त्यात सांगितले आहे. "आम्ही काही धंदा करीत नाही, दोन-चार विकली तर काय बिघडले?" असे म्हणणाऱ्यांनी हे नियम एकदा वाचलेले बरे.

गर्भाचा काळ सुमारे ६३ दिवसांचा. पोमेरेनियनसारख्या चिमुकल्या जातीत दोन-तीन पिल्ले होतात, लॅब्रॅडॉरला सहा-आठ सहज, कधी दहाही. विण्यापूर्वीच्या चोवीस तासांत कुत्रीचे अंग थंड पडते. ताप मोजल्यास तो ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलेला दिसतो. कळा जोरात येऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आले नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त खंड पडला आणि आत आणखी आहेत अशी खात्री आहे, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांचे दार ठोठावलेच पाहिजे. हे दार कोणते, हे आधीच ठरलेले असावे.

पिल्ले झाली म्हणजे सुटलो असे नव्हे. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब स्वतः राखता येत नाही. त्यांचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. दोन आठवड्यांपासून जंताचे औषध, तीन-चार आठवड्यांपासून मऊ खाणे, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस. तोवर पार्वो ह्या रोगाची टांगती तलवार. लहान जातीच्या कुत्रीचे दूध भरात असताना रक्तातला चुना एकाएकी घटतो, ती थरथरू लागते, आकडी येते. त्यावेळी तासांचा उशीरही जिवावर बेततो. आणि हे सर्व घरात कुणीतरी रजा काढून करावयाचे असते. "कुणीतरी" म्हणजे कोण, हे सांगणे न लगे. ज्या माऊलीला विचारलेही नव्हते तिच्याच गळ्यात हे बाळंतपण पडते.

सर्वांत अवघड हिशेब मात्र शेवटी येतो. आठ पिल्ले म्हणजे आठ घरे. पिल्ले तीन आठवड्यांची असताना बघायला येणारे सगळे म्हणतात, "आम्हाला एक ठेवा हं!" दोन महिन्यांनी त्यांतल्या कुणाच्या मुलाची दहावी असते, कुणाच्या सोसायटीत नव्याने कुरबूर सुरू झालेली असते, कुणाच्या सासूबाईंना दम्याचा त्रास असतो. म्हणून जोड लावण्यापूर्वीच घरे ठरवावीत, आणि ठरलेल्या प्रत्येकाला एक शब्द द्यावा: पुढे कधीही तुम्हाला जमेनासे झाले तर पिल्लू रस्त्यावर न सोडता आमच्याकडे परत आणा. हा शब्द देण्याची तयारी नसेल तर पिल्लांचा विचार तिथेच सोडून द्यावा.

ज्यांचा हा अभ्यास आहे, ज्यांनी एखाद्या जातीचे रक्त जाणीवपूर्वक राखले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड, आपल्या मराठवाड्याच्या नि सोलापूरच्या बाजूला दिसणारा कारवानी कुत्रा, ही आपल्याच मातीतली जनावरे. मुधोळ हाउंडचे चित्र २००५ साली टपाल तिकिटावरही आले. अशा जातींना जाणत्या पैदासकाराची गरज आहे. पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून ते काम होणे कठीण.

ऑपरेशन करायचे तर

नराचे वृषण काढतात. मादीचे बीजकोश आणि बहुधा गर्भाशयही काढतात. दोन्ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होतात. नराची लहान, मादीची पोट उघडून करावयाची म्हणून मोठी. पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कुत्रे घरी येते. मग दहा ते चौदा दिवस टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात दिव्याच्या शेडसारखी कॉलर, आणि उड्या बंद. निरोगी, तरुण जनावरात हा धोका थोडा असतो. पण तो शून्य नसतो. म्हणून आधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि भूल कोण देणार, नंतर लक्ष कोण ठेवणार, हे निःसंकोच विचारावे.

फायद्यांतला पहिला म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा रोग टळतो. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच. दुसरा आचळांच्या गाठींचा. कुत्रीच्या अशा गाठींतल्या जवळजवळ निम्म्या कर्करोगाच्या असतात. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की शस्त्रक्रिया न झालेल्या मादीचा धोका १०० धरला तर पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मादीचा तो अर्धा, एका माजानंतर झाली तर ८, आणि दोन किंवा अधिक माजांनंतर झाली तर २६. हे आकडे पुढे चाळीस वर्षे सर्वांनी पाठ केले. २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ह्या विषयावरचा सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि तो समजला जातो तेवढा भक्कम नाही असे नोंदवले. तेव्हा फायदा संभवतो, पण त्या आकड्यांना वेदवाक्य मानू नये.

आता दुसरी बाजू. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला अन्न कमी लागते आणि भूक मात्र वाढते. म्हणून ते लठ्ठ होते. "ऑपरेशननंतर सुस्त झाला हो" ह्या तक्रारीच्या मुळाशी बहुधा जेवणाचे भांडे असते. भांड्यातले अन्न सुमारे पाव हिश्श्याने कमी करून दर महिन्याला वजन पाहिले, तर ही तक्रार उरत नाही. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींत, उतारवयात झोपेत लघवी होऊ लागते. तिच्यावर औषध असते, पण ते दीर्घकाळ चालू ठेवावे लागते.

मोठ्या जातींच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट अलीकडे कळली. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ७५९ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या नरांत खुब्याचा दोष शेकडा १० जणांत आढळला. शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या दुपटीने. हाडांची वाढ थांबवण्याचा निरोप शरीराला ह्याच ग्रंथींकडून मिळतो. तो निरोप येण्याआधीच त्या काढल्या तर हाडे थोडी अधिक लांबतात आणि सांध्यांचे गणित बिघडते. २०२० साली त्यांनी ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान चणीच्या जातींत सांध्यांचा असा अपाय जवळजवळ दिसला नाही. मोठ्या जातींत मात्र जातीगणिक आणि लिंगागणिक उत्तर वेगळे आले.

ह्यातून व्यवहाराला उपयोगी असे सूत्र निघते. लहान चणीच्या किंवा मध्यम बांध्याच्या देशी कुत्र्याची शस्त्रक्रिया सहा महिन्यांनंतर करता येते. लॅब्रॅडॉर, गोल्डन, शेफर्ड ह्यांच्या बाबतीत वर्ष-दीड वर्ष, म्हणजे वाढ पुरी होईपर्यंत, थांबण्याचा सल्ला पुष्कळ डॉक्टर देतात. मात्र तोवर माजाचे तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून सांभाळण्याची जबाबदारी घरची. माजावर असताना शस्त्रक्रिया टाळावी, कारण त्यावेळी तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो. माज संपल्यावर सुमारे तीन महिन्यांनी, दोन पाळ्यांच्या मध्यावर, ही वेळ उत्तम.

नराविषयी एक खुलासा. खच्ची केल्याने त्याचे भटकणे, जागोजाग लघवी करणे, माजाच्या वासाने वेडे होणे बऱ्याच अंशी कमी होते. वृषणाचा कर्करोग टळतो, म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी वाढण्याचा त्रासही टळतो. पण भीतीपोटी चावणारे कुत्रे ह्या शस्त्रक्रियेने शहाणे होईलच असे नाही. काही भित्री कुत्री उलट अधिक बिचकतात. स्वभावासाठी ऑपरेशन करावयाचे असेल तर आधी स्वभावाचे निदान करून घ्यावे.

न ठरवण्याची किंमत

आता "पुढच्या खेपेला पाहू" म्हणणाऱ्या घराकडे पाहू. तिथे काय होते?

दर माजाबरोबर गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी जाड होते. गर्भ राहत नाही. अस्तर पुन्हा पुन्हा जाड होत राहते. अशा काही खेपा झाल्यावर कधीतरी त्यात जंतूंना थारा मिळतो आणि गर्भाशय पुवाने भरते. ह्याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा उतरवण्याची चाल आहे. तिथल्या नोंदींवरून असे आढळले, की शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा दहा वर्षांची होईपर्यंत ह्या रोगाला बळी पडतो. काही जातींत प्रमाण कमी, काहींत ह्याहून पुष्कळ अधिक.

रोगाची चाल मोठी फसवी असते. आठ-नऊ वर्षांची कुत्री, महिना-दीड महिन्यापूर्वी माज होऊन गेलेला. ती पाणी फार पिऊ लागते. घरचे म्हणतात, उकाडा आहे. जेवण टाकते. म्हणतात, वय झाले. उलट्या होतात, पोट फुगल्यासारखे दिसते. कधी मागून पू वाहतो, पण तोंड बंद असले तर तोही दिसत नाही. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत विष अंगभर भिनलेले असते. मग जी शस्त्रक्रिया ती दीड वर्षाची असताना सुखाने झाली असती, तीच आता म्हाताऱ्या, तापलेल्या, मूत्रपिंडे थकलेल्या जनावरावर तातडीने करावी लागते. काही वाचतात, काही वाचत नाहीत. म्हणून शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीच्या घरात एक नियम असावा: माजानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तिने जास्त पाणी प्यायले आणि जेवण टाकले, तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरा धोका गल्लीतल्या नराशी अवचित लागलेल्या जोडीचा. जोड अडकलेली असताना दगड, काठी, गरम पाणी, ओढाताण ह्यांतले काहीही करू नये. दोघांनाही इजा होते. दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ती आपोआप सुटते. त्यानंतर लगेच डॉक्टरांना विचारावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने संप्रेरकांची गोळी वा सुई आणू नये. तिने पायोमेट्राचा धोका वाढतो. अशा जोडीतून जननेंद्रियावर एक प्रकारची गाठही संसर्गाने येते. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत ती पुष्कळ आढळते. ह्या गाठीची कथा अजब आहे: हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या अंगात जन्मलेल्या कर्करोगाच्या पेशीच आजवर एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या आहेत. सुदैवाने दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी ती बहुधा पूर्ण बरी होते.

घर आणि गल्ली

"निसर्गाच्या आड कशाला यायचे?" ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. प्रश्न पोकळ नाही. नॉर्वेच्या कायद्यानुसार केवळ मालकाच्या सोयीसाठी सरसकट अशी शस्त्रक्रिया करता येत नाही. तसे सबळ कारण लागते. अमेरिकेत ती नित्याची बाब आहे. मग दोघांपैकी शहाणे कोण? दोघेही, आपापल्या गल्लीत! नॉर्वेत कुत्रा मोकळा सुटत नाही, आणि नको असलेले पिल्लू रस्त्यावर वाढत नाही. आपली गल्ली तशी नाही.

भाद्रपद महिना आणि कुत्री ह्यांची सांगड मराठी माणसाने फार पूर्वीच घातली आहे, आणि ती निरीक्षणाने बरोबर आहे. आपल्या रस्त्यांवरची देशी कुत्री बहुधा वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येते. दोन महिन्यांनी, नेमकी दिवाळीच्या सुमारास, तिची पिल्ले जन्मतात. फटाक्यांच्या आवाजात डोळे उघडतात आणि मार्गशीर्षाच्या थंडीत वाहनांच्या चाकांशी येतात. त्यांतली फार थोडी मोठी होतात.

ह्या प्रश्नाशी मुंबईचे नाते जुने आहे. १८३२ च्या जून महिन्यात सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम तीव्र केली, मारणाऱ्यांना बक्षीस लावले, तेव्हा पारशी मंडळींनी हरताळ पाडला आणि कोटात दंगल उसळली. मारून संख्या कमी होत नाही हे कळायला मात्र पुढे फार काळ जावा लागला. मद्रासच्या ब्लू क्रॉस ऑफ इंडिया ह्या संस्थेने १९६४ साली कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करण्याचे काम सुरू केले. २००१ साली केंद्र सरकारने त्यासाठी देशभर नियम केले, आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

नगरपालिका गल्लीतल्या कुत्रीवर शस्त्रक्रिया करीत असताना आपण घरातल्या कुत्रीची नको असलेली पिल्ले खोक्यात घालून मंडईच्या दाराशी ठेवावीत, हे कुठल्या निसर्गात बसते? कुत्रा हजारो वर्षांपूर्वी जंगल सोडून माणसाच्या चुलीपाशी आला. त्याचे खाणे, हिंडणे, झोपणे सर्व आपण ठरवतो. साखळी आपल्या हातात असताना एवढा एकच निर्णय निसर्गावर ढकलणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय.

घरच्या बैठकीत

तेव्हा ह्या सुट्टीत सारी मंडळी एकत्र जमली असताना हा विषय एकदा मोकळेपणाने काढावा. मुलांनाही बसवून घ्यावे. शरीराविषयी, जबाबदारीविषयी सरळ बोलण्याची अशी संधी घरात वारंवार येत नाही. चार प्रश्न विचारावेत. आपल्याकडचे जनावर कोणत्या जातीचे, किती वयाचे, आणि त्याच्या शरीरात वारशाने द्यावे असे काही आहे की न द्यावे असे? पिल्ले झाली तर दोन महिने रात्रंदिवस त्यांचे करणार कोण, आणि ती व्यक्ती ह्या बैठकीत "हो" म्हणते आहे काय? आठ घरांची नावे आज कागदावर लिहिता येतील काय? आणि पिल्ले नको असतील, तर शस्त्रक्रियेसाठी योग्य महिना कोणता असे डॉक्टर म्हणतात?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ठामपणे देणारे घर विरळा. ज्यांना ती देता येतील त्यांनी खुशाल पिल्लांचे स्वागत करावे. त्यांच्या घरी जन्मलेले पिल्लू भाग्याचे. बाकीच्यांसाठी चौथा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर डॉक्टरांना एका भेटीत देता येते. ते विचारून घ्यावे, आणि नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली, की बाबांनी स्वतःच्या हाताने त्या तारखेभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल करावा.